याच्यात कोलामी आहे का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागच्या आठवड्यात एका शिक्षण परिषदेला जाऊन आलो. तिथून डोक्यात जे शिरलंय ते काही केल्या निघेना, म्हणून हा प्रपंच.

आधीच सांगतो, मला यंत्रांचं वावडं नाही. घरात कोणाचाही मोबाईल बिघडला की तो माझ्याकडेच येतो, हे भाचेमंडळींना चांगलं ठाऊक आहे :)

तर परिषदेत एका स्टॉलवर भिंतीएवढा पडदा लावलेला. बोट टेकवलं की सूर्यमाला गरगर फिरते. गर्दी ही! मीही बोट टेकवून घेतलं. मग विक्रेत्या पोराला विचारलं, "दादा, याच्यात कोलामी आहे का?"

"सर, इंग्लिश, हिंदी, मराठी सगळं आहे. कोलामी म्हणजे कोणतं बोर्ड?"

आधी हसू आलं, मग राग. पण त्या पोरावर नाही, तो बिचारा विकायला आलेला. राग आला आम्हा मास्तरांचा. दोन दिवस भाषणं ऐकली, 'डिजिटल' हा शब्द शंभरदा आला असेल, पण 'लेकरू घरी कोणती भाषा बोलतं' हे एकदाही कोणी विचारलं नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी भागात कोलामांचे पोड आहेत. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पाण्याला तिथे 'ईर' म्हणतात. मी फळ्यावर 'पाणी' लिहितो तेव्हा पहिलीतलं पोट्टं माझ्या तोंडाकडे बघतं.

कोणी म्हणेल, पडद्यावर चित्र दाखवा की. ठीक, 'पाणी' कळेल. पण 'उरले', 'म्हणून', 'त्याच्यापेक्षा' यांचं चित्र काढून दाखवा बरं! गणितातलं 'किती उरले' नेमकं तिथेच अडतं, आणि आम्ही शेरा मारतो, 'गणितात कच्चा'.

प्रत्येक भाषणात रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव होतंच. असायलाच हवं. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांना माहीत आहेत. पण माढा तालुक्यातल्या परितेवाडीत मुलांची घरची भाषा कानडी होती, म्हणून हा माणूस आधी कानडी शिकला, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, हे कोणी सांगितलं? आम्ही क्यूआर कोड घेतला आणि कानडी तिथेच सोडून आलो. कोड छापणं सोपं आहे, भाषा शिकायला जन्म जातो.

दुसरं, पडदा आला की फोटो निघतो, फीत कापली जाते. पुढे वीजबिल कोणी भरायचं, बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, यावर परिषदेत एकही सत्र नव्हतं. आमच्याकडचा जुना प्रोजेक्टर कपाटात आहे. लोकवर्गणीतून घेतलेला. कापूस विकून लोकांनी दिलेले पैसे ते. कपाट उघडताना अजून लाज वाटते.

असो. नुसती टीका करून काय होणार? मी एक साधी गोष्ट सुरू केली आहे. पोडातल्या एका आजीकडून कोलामीतल्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतो. वर्गात आधी ती गोष्ट ऐकवतो, मग तीच मराठीत सांगतो. खर्च शून्य. पहिल्या दिवशी आजीचा आवाज आला तेव्हा कधी न बोलणारी एक पोरगी एकदम उठून उभी राहिली आणि मलाच शब्द समजावायला लागली. मास्तर ती, विद्यार्थी मी!

यंत्रं जरूर आणा. पण पुढच्या परिषदेला जाणाऱ्या प्रत्येक मास्तराने स्टॉलवर आधी एवढंच विचारावं, याच्यात आमच्या लेकरांची भाषा आहे का? नसेल तर सूर्यमाला फिरेल, लेकरू जिथल्या तिथेच राहील.