गाइड सोबत, मग भीती कसली?



तुमच्या अंकात बालीतल्या बातूर ज्वालामुखीच्या सहलीवरचं पत्र वाचलं. ‘ग्रुप मोठा, गाइड सोबत, मग भीती कसली?’ हे म्हणणं मला मुळीच पटलं नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर स्फोट झाला तेव्हा तिथे ४७ माणसं होती. बहुतेक पर्यटक, गाइडसोबत गटागटानं आलेले. २२ जण दगावले. धोक्याची पातळी तीन आठवडे आधीच वाढवली होती. सहली चालूच राहिल्या. आपण जाणार तिथली ही पातळी कोण तपासणार, ती वाढली तर पैसे परत मिळणार का, हे सहल कंपनीला बुकिंगआधी लेखी विचारा. शिवाय मोठ्या ग्रुपमध्ये सगळे चढत असताना एकट्यानं ‘मी येत नाही’ म्हणणं फार जड जातं.

आणि ‘आपल्या जिल्ह्यात असलं काही नाही’ असं त्याच पत्रात कसं म्हटलंय? अकोले तालुक्यातले कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हाच! कोकणकड्यावर त्याचे थर उघडे दिसतात. भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावं, फक्त पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी नको.

– एक वाचक, संगमनेर