नकाराचा हिशेब

दापोलीजवळ समुद्राकडे उतरणाऱ्या एका वाडीत माझी मावशी राहते. घरामागे तिच्या दोन खोल्या आहेत आणि त्या ती पर्यटकांना देते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, तेव्हा तिच्या बागेतल्या सुपाऱ्या एका दुपारात आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या सुपारीचे उत्पन्न हाती यायला वर्षे जातात. तोवर घर कसे चालवायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे या दोन खोल्या. मुलाने एका संकेतस्थळावर त्यांची नोंद करून दिली आणि सकाळी घावन, दुपारी माशाचे जेवण, अशी मावशीची नवी दिनचर्या सुरू झाली.

गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे होतो. एका सकाळी ती मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली. ‘अरे, हे काय म्हणतायत बघ जरा.’ निरोप असा होता की, विनंत्या नाकारण्याचे तुमचे प्रमाण वाढले आहे. त्यामुळे तुमच्या खोल्या यादीत खाली दाखवल्या जातील आणि असेच चालू राहिले तर नोंद काही काळ बंद करण्यात येईल. मे महिना हा कोकणचा हंगाम. त्या महिन्यात यादीत खाली जाणे म्हणजे ऐन बाजारच्या दिवशी दुकानाला फळ्या लावणे.

‘घर माझं, विहीर माझी,’ मावशी म्हणाली, ‘आणि नाही म्हणायचं तर ह्यांना विचारून?’

मला तिचे म्हणणे तत्काळ पटले. मग आम्ही महिन्याभरातले नकार मोजायला बसलो. ते पाच निघाले. पहिले दोन सुतकाच्या दिवसांतले. तिचे चुलतदीर गेले होते आणि घरात चूल परक्यासाठी पेटणार नव्हती. तिसरा नकार विहिरीने तळ गाठला त्या आठवड्यातला. चौथी विनंती चौदा मुलांच्या एका टोळक्याची होती. खोल्या दोन, माणसे चौदा. तिथे ‘हो’ म्हणणे हाच वेडेपणा ठरला असता.

पाचव्या विनंतीपाशी मात्र मावशी जरा थांबली. चौघांचे कुटुंब होते, तारखा मोकळ्या होत्या, विहिरीला पाणीही होते. ‘नाव बघितलं आणि नको वाटलं,’ ती म्हणाली. नाव मुसलमान होते. मी काही बोललो नाही. ज्या मावशीने मला लहानपणी मांडीवर घेऊन भरवले, तिला त्या क्षणी काय बोलावे हे मला सुचले नाही. तिचा मुलगा मुंबईत नोकरीला होता तेव्हा ‘मासे खाता ना? मग जागा नाही’ असे सांगून त्याला एका इमारतीच्या दारातून परत पाठवले होते. त्या अपमानाची गोष्ट याच मावशीने मला डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती.

म्हणूनच, संकेतस्थळवाले जुलमी आणि घरमालक गरीब बिचारे, एवढ्या सोप्या वाटेने हा लेख पुढे नेता येत नाही.

मावशीचे संकेतस्थळ वेगळे आहे. पण नकारावर नजर ठेवण्याची गरज का पडली, हे समजायला एअरबीएनबी या कंपनीचे उदाहरण उपयोगी पडते. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या कंपनीच्या यजमानांची हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये परीक्षा पाहिली. पाच अमेरिकी शहरांतल्या सुमारे ६,४०० यजमानांना विनंत्या पाठवल्या गेल्या. फरक फक्त पाहुण्याच्या नावाचा. गोऱ्यांची वाटावीत अशा नावांना सुमारे ५० टक्के यजमानांनी होकार दिला, तर काळ्यांची वाटावीत अशा नावांना ४२ टक्के. पाठोपाठ अनेक कृष्णवर्णीयांनी आपापले अनुभव जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबर २०१६ पासून कंपनीने प्रत्येकाकडून भेदभाव न करण्याची हमी घ्यायला सुरुवात केली. ‘त्या तारखांना जागा नाही’ असे एकाला सांगितल्यावर त्याच तारखा दुसऱ्याला देता येऊ नयेत, अशी व्यवस्था आणण्याचेही तिने जाहीर केले. होकार मिळेपर्यंत पाहुण्याचे छायाचित्र यजमानाला दाखवायचे नाही, हे २०१८ मध्ये ठरले.

यात चुकीचे काय आहे? काहीच नाही. पाहुण्याची बाजूही खरी आहे. सुटी मंजूर करून घेतलेला, मुलांना कबूल करून बसलेला माणूस एका ‘हो’ची वाट पाहत असतो. होकार देऊन आयत्या वेळी शब्द फिरवणाऱ्या यजमानाला दंड व्हायलाच हवा. पण दिलेला शब्द मोडणे वेगळे आणि शब्दच न देणे वेगळे. पहिल्यात फसवणूक आहे. दुसऱ्यात ती असेलच असे नाही.

अडचण इथेच येते. त्या यंत्राने मावशीचे पाच नकार मोजले आणि पाचही सारखे धरले. सुतक, आटलेली विहीर आणि न आवडलेले नाव या तिन्हींची किंमत त्याच्या लेखी एकच. जिथे जाब विचारायला हवा होता तिथे त्याने विचारला नाही आणि जिथे सहानुभूती हवी होती तिथे शिक्षा केली. ज्याला भेदभाव करायचाच आहे तो चार नको असलेल्या विनंत्या गोड बोलून मुकाट स्वीकारील आणि पाचवी बिनबोभाट नाकारील. त्याचे प्रमाण उत्तमच राहील. प्रमाण मोजून मनातली अढी सापडत नाही. त्यासाठी कारण विचारावे लागते आणि ते माणसाने ऐकावे लागते.

‘आधीच तारखा बंद करून ठेवायच्या’ असा सल्ला यावर दिला जातो. गणपतीच्या दिवसांसाठी तो ठीक आहे. मरण आणि विहिरीचा तळ मात्र तारीख कळवून येत नाहीत. शिवाय जबाबदारीचे ओझे पाहा. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची ती यजमानाने. पाहुणा समुद्रात खोल गेला तर किनाऱ्यावर धावायचे ते यजमानाने. जोखीम ज्याची, त्याच्या ‘नाही’ला काही वजन नको काय?

युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेला एक नियम जुलै २०२० पासून लागू आहे. संकेतस्थळावर व्यवसाय करणाऱ्याची नोंद रोखायची तर त्याला कारण कळवले पाहिजे, यादीतला वर-खाली क्रम कशावर ठरतो ते सांगितले पाहिजे, आणि मोठ्या कंपन्यांनी तक्रार ऐकण्याची सोय ठेवली पाहिजे. आपल्याकडे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तक्रारीची ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अशी मुदत घातली. पण ती ग्राहकासाठी. दोन खोल्यांच्या मालकिणीने कुठे जायचे? तिलाही अशीच मुदत हवी. आजार, मृत्यू, पाणी, वीज या कारणांचे नकार शिक्षेतून वगळायला हवेत. आणि नोंद बंद करण्यापूर्वी एका जिवंत माणसाने तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला हवे.

हे मागताना आपल्या बाजूची अटही मान्य करावी लागेल. पूर्वी एस.टी.तून उतरलेली माणसे मावशीच्या अंगणात येऊन ‘खोली मिळेल का?’ असे विचारत. नसली तर ती म्हणे, ‘आज नाही हो, घरात कार्य आहे. पण वरच्या आळीला काकूंकडे विचारा, मी सांगितलं म्हणावं.’ त्या नकारात कारण असे, पुढचा पत्ता असे, आणि सांगणाऱ्याची नजर पाहुण्याच्या नजरेला भिडलेली असे. मोबाइलवर बोट टेकवून दिलेल्या नकारात यातले काहीच उरत नाही. म्हणून तो देणे इतके सोपे झाले आहे.

नकाराचा हक्क घरमालकाला असलाच पाहिजे. पण जे कारण पाहुण्याला समोर उभे करून सांगण्याची आपली हिंमत होणार नाही, त्या कारणासाठी हा हक्क मागता येत नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो, ते चुकलेच. निघण्याच्या आदल्या रात्री अंगणात बसलो असताना मी मावशीला तिच्या मुलाची ती मुंबईची गोष्ट आठवण करून दिली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या चौघांना ज्या दिवशी नाही म्हटलं ना, त्या रात्री दोन्ही खोल्या रिकाम्याच होत्या रे.’