विमान आपले, इंजिन परक्याचे

उद्योगपतींना आणि सरकारी बड्यांना घेऊन फिरणाऱ्या छोट्या जेट विमानांविषयी सामान्य वाचकाला जिव्हाळा वाटण्याचे कारण नाही. तरीही अमेरिकेतील लॉकहीड कंपनीच्या ‘जेटस्टार’ या विमानाची कहाणी भारतीयांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कारण ती जितकी विमानाची, तितकीच इंजिनाची आहे.

बड्या कंपन्यांचे अधिकारी १९५०च्या दशकात युद्धकाळातील पंख्यांची विमाने डागडुजी करून वापरत. त्याच सुमारास अमेरिकन हवाई दलाला एक लहान वाहतूक जेट हवे होते. त्या भरवशावर लॉकहीडने स्वतःच्या खर्चाने काम सुरू केले. ‘यू-२’ या हेरविमानाचे जनक केली जॉन्सन यांच्या देखरेखीखाली बनलेला पहिला नमुना ४ सप्टेंबर १९५७ रोजी आकाशात झेपावला. पुढे पैशाच्या ओढगस्तीमुळे हवाई दलाने मोठ्या खरेदीचा बेत गुंडाळला, पण लॉकहीडने माघार घेतली नाही.

खरी अडचण इंजिनाची होती. पहिल्या दोन नमुन्यांना शेपटीजवळ ब्रिस्टल कंपनीची दोन ‘ऑर्फियस’ इंजिने बसविली होती. ती ब्रिटिश इंजिने अमेरिकेत परवान्याने बनविण्याची बोलणी फिसकटली. तेव्हा लॉकहीडने ऑर्फियसचा नाद सोडला आणि प्रॅट अँड व्हिटनीची जेटी-१२ ही लहान इंजिने दोनाऐवजी चार, शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, बसविली. दहाएक प्रवाशांच्या विमानाला चार इंजिने ही चैन नव्हती, ती नाइलाजाची तडजोड होती. इंधन, देखभाल आणि गोंगाट या तिन्ही बाबतींत तिची किंमत गिऱ्हाईक मोजत राहिले. तरी विमान चालले. पंखांवरच्या ठळक इंधनटाक्या आणि तोल साधण्यासाठी मुळापासून हलणारे शेपटीचे उभे पाते यांमुळे ते दुरूनही ओळखू येई. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या टेक्सासमधील वाडीची धावपट्टी मोठ्या बोइंगला अपुरी पडे, तेव्हा ते याच जातीच्या विमानाने तेथे जात.

१९६३ साली केवळ दोन इंजिनांचे, स्वस्त लिअरजेट उडाले आणि बाजाराचा ओघ तिकडे वळला. १९७३च्या तेलसंकटाने चार तहानलेल्या इंजिनांचा हिशेब आणखी बिघडविला. अशा वेळी जेटस्टारला पुन्हा नव्या इंजिनानेच तारले. गॅरेट कंपनीची कमी इंधन खाणारी, कमी आवाजाची टर्बोफॅन इंजिने जुन्या विमानांत बसविण्यात आली, आणि १९७६ मध्ये तीच इंजिने घेऊन ‘जेटस्टार-२’ उडाले. त्या दशकाच्या अखेरीस उत्पादन थांबले, तेव्हा एकंदर संख्या दोनशेच्या थोडी वर गेली होती. ज्या विमानांना जुनीच इंजिने राहिली, त्यांना आवाजाच्या निर्बंधांमुळे २०१६ पासून अमेरिकेचे आकाश बंद झाले.

आता हेच ऑर्फियस इंजिन बंगळुरात काय करीत होते, ते पाहावे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी आखलेले ‘मरुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याचा सांगाडा ध्वनीपेक्षा अधिक वेगासाठी आखलेला होता; त्यासाठी ऑर्फियसची अधिक शक्तिशाली आवृत्ती हवी होती. ब्रिस्टलने मागितलेला विकासखर्च देण्यास भारत सरकार राजी झाले नाही आणि ती आवृत्ती बारगळली. लॉकहीडच्या शेजारी प्रॅट अँड व्हिटनी होती. मरुतच्या शेजारी कोणीही नव्हते. अशक्त इंजिनावरच १४७ मरुत बांधली गेली. १९७१च्या युद्धात त्यांनी चोख कामगिरी बजावली, पण आखलेला वेग त्यांनी कधीच गाठला नाही.

विकासखर्च वाचविणाऱ्या त्या हिशेबाला काटकसर म्हणणे कठीण आहे. ‘कावेरी’ या स्वदेशी इंजिनाचे काम १९८९ मध्ये मंजूर झाले आणि २००८ मध्ये ते ‘तेजस’ विमानापासून अलग करण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ ‘तेजस मार्क-१ए’ विमानांचा करार झाला. त्यासाठीचे पहिले अमेरिकन इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात तयार झालेले पहिले मार्क-१ए उडाले, त्याचा आनंद रास्तच होता. मात्र त्या विमानाच्या पोटातले इंजिनही परदेशातूनच आलेले होते.