वाटेतला थांबा भाड्यात धरा

साप्ताहिक सदर : रस्ता आणि माणसं

लग्नसराई आणि सुट्ट्या सुरू झाल्या की छत्रपती संभाजीनगर ते नागपूर या वाटेवर भाड्याच्या गाड्यांची वर्दळ वाढते. पुण्या-मुंबईहून माणसं संभाजीनगर किंवा जालन्यापर्यंत येतात आणि पुढच्या प्रवासाला गाडी सांगतात. वेळ ठरते, माणसं किती ते ठरतं, भाडं ठरतं. फोन ठेवण्याआधी एक वाक्य हमखास येतं : "भाऊ, जाता जाता लोणारही करून घेऊ." पलीकडून "हो, पाहू" असं उत्तर येतं. तासांचा आणि पैशांचा हिशेब कुणीच काढत नाही. या वाटेवरच्या निम्म्या भांडणांचं आणि बऱ्याच धोक्यांचं मूळ या न काढलेल्या हिशेबात आहे, असं माझं ठाम मत आहे.

हा हिशेब उघडा पडतो तो बीबीला. बीबी हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं गाव, जालना-मेहकर या जुन्या रस्त्यावरचं. सिंदखेडराजाहून निघालं की किनगाव राजा, दुसरबीड, मग बीबी आणि पुढे सुलतानपूर. सुलतानपूरहून उजवीकडे वळलं की बारा-तेरा किलोमीटरवर लोणार. सरळ गेलं तर मेहकर. त्यामुळे वळायचं की सरळ जायचं, हे बीबीच्या चहापर्यंत ठरवावंच लागतं. आणि तिथेच आवाज चढतात. गाडीतले म्हणतात, "आम्ही सांगितलं होतं." चालक म्हणतो, "साहेब, मला ड्रॉप सांगितलंय, लोणार नाही." मग गाडीमालकाला फोन लागतो. शेवटी तडजोड होते ती अशी, की अर्ध्या तासात बघून या.

अर्ध्या तासात लोणार होत नाही. लोणार समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तिथे काय आहे ते सांगतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्केच्या आघातानं पडलेलं हे विवर सुमारे एक किलोमीटर आठशे मीटर व्यासाचं आहे. पृथ्वीवर आघातानं तयार झालेली विवरं पुष्कळ आहेत, पण बेसॉल्ट खडकात पडलेली आणि इतकी शाबूत राहिलेली फारच थोडी. चंद्रावरची काळपट मैदानंही बेसॉल्टचीच, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घेणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं तोंड असावं असा समज होता. प्रचंड दाबानं बदललेली खनिजं आणि काच इथल्या खडकांत सापडली, १९७३ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि आघाताची बाजू भक्कम झाली. वयाबद्दल अजून एकमत नाही. एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं पाच लाख ७० हजारांच्या घरात.

तळाशी असलेलं पाणी खारं आणि तीव्र अल्कधर्मी, आणि काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोडं. 'ऐन-ए-अकबरी'त या भागातल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे, तो या क्षारांमुळेच. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये शोधलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. महाराष्ट्रात त्याआधी तो मान फक्त नांदूर मधमेश्वरला होता. पाण्याच्या काठाला कमळजा देवीचं देऊळ, गावात दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर, आणि त्यानं मारलेल्या लवणासुराची कथा सांगणारी माणसं. कडेवर उभं राहून फोटो काढायला दहा मिनिटं पुरतात. उतरायचं, झाडीतून पाण्यापर्यंत जायचं, पुन्हा चढून यायचं आणि दैत्यसूदनाच्या भिंती नीट बघायच्या, तर तीन तास धरावेच लागतात. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर आणखी जास्त.

आणि वाटेवर एकटं लोणार नाही. जालन्याहून तीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचं जन्मगाव. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, मोती तलाव, पुतळा बारव आणि १६२९ मध्ये देवगिरीवर मारल्या गेलेल्या लखुजीरावांची समाधी तिथे आहे. त्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीखाली शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती सापडली. पुढे मेहकरला शारंगधर बालाजी आहे. १८८८ साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची मूर्ती आजही डोळे भरून बघावी अशी. सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर या पट्ट्यात एका दिवसात जेवढा इतिहास आणि भूगोल हाताला लागतो, तेवढा राज्यात फार थोड्या वाटांवर लागेल.

मग लोक एसटीनं किंवा रेल्वेनं का जात नाहीत? रेल्वेचं उत्तर सोपं आहे : या पट्ट्यात रेल्वे नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि रूळ अजून पडलेले नाहीत. एसटीनं लोणार जरूर होतं, पण सामान, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि संध्याकाळी नागपूर गाठायची घाई असली की गाड्या बदलत जाणं अवघड होतं. म्हणून भाड्याची गाडी इथे चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती इथली खरीखुरी सार्वजनिक गरज आहे आणि तिचे व्यवहारही तितक्याच गांभीर्यानं व्हायला हवेत.

समृद्धी महामार्ग आल्यापासून हा प्रश्न आणखी टोकदार झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. लहान गाड्यांना सपाटीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा. संभाजीनगरहून नागपूर दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येतं. त्यामुळे भाडं ठरवणाऱ्याच्या डोक्यात समृद्धीचे तास असतात आणि बसणाऱ्याच्या डोक्यात लोणारचं पाणी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मधली तफावत मात्र चालकाच्या झोपेतून भरून काढली जाते.

एक दिवस मांडून बघा. सकाळी सहाला संभाजीनगर सोडलं. आठच्या सुमारास सिंदखेडराजा, तिथे तासभर. बीबीला चहा, साडेदहाला लोणार. दीड-दोनपर्यंत सरोवर आणि मंदिर. जेवण करून मेहकर, तिथून समृद्धी, आणि नागपूरला उतरेपर्यंत संध्याकाळचे सात. चाकावरचे सात-साडेसात तास आणि थांब्यांचे पाच-साडेपाच, म्हणजे चालकाचा तेरा तासांचा दिवस. प्रवासी उतरून लग्नघरी जातात. चालकाचं काय? भाडं फक्त सोडण्याचं ठरलेलं असेल, दुसऱ्या दिवशी सकाळची बुकिंग असेल आणि मुक्कामाचे पैसे कुणी दिलेले नसतील, तर तो रात्रीच रिकामी गाडी घेऊन परत फिरतो. त्याच समृद्धीवर, एकटा, सरळसोट रस्त्यावर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी.

रात्रीच्या प्रवासानं या मार्गावर काय केलं ते आपण पाहिलं आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, तेही मध्यरात्रीनंतर, वैजापूरजवळ एक टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि १२ जणांचा जीव गेला. ती माणसं बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतत होती. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि ती तपासातूनच ठरतात. पण देवदर्शन किंवा स्थळदर्शन आटोपून रात्रीच परत जायचं, ही आपल्याकडची रीतच धोक्याची आहे, हे सांगायला तपासाची गरज नाही.

चालकाच्या तासांना मर्यादा असावी हे आपल्या देशानं १९६१ सालीच मान्य केलं. मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानं परिवहन वाहनांच्या चालकांसाठी तीच मर्यादा धरली. एक-दोन गाड्यांच्या धंद्यात, जिथे मालकच चालक असतो आणि डोक्यावर हप्ता असतो, तिथे हे तास मोजायला कुणी उभं नसतं. मोजणारा एकच माणूस प्रत्यक्ष हजर असतो : मागच्या सीटवर बसलेला गिऱ्हाईक. म्हणून ही जबाबदारी मी गिऱ्हाइकावर टाकतो आहे.

ती पार पाडणं अवघड नाही. गाडी सांगताना 'ड्रॉप' म्हणू नका. 'वाटेत सिंदखेडराजा एक तास, लोणार तीन तास' असं स्पष्ट सांगा. सुलतानपूर ते लोणार आणि लोणार ते मेहकर हे वाढीव किलोमीटर भाड्यात धरायला सांगा. थांब्याच्या तासांचं वेटिंग किती, ते आधी विचारा. चालकाचं जेवण आणि भत्ता तुमच्याकडे की मालकाकडे, हे ठरवा. नागपूरला पोहोचायला संध्याकाळ होणार असेल तर त्याच्या मुक्कामाचे पैसे द्या आणि तो खरोखर मुक्काम करणार आहे याची खात्री करा. हे सगळं मोबाइलवर चार ओळींत लिहून मालकाला आणि चालकाला, दोघांनाही पाठवा. भांडण व्हायला मग जागाच राहत नाही.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी दोन-तीन हजारांनी स्वस्त पडते, पण तिला भाड्यानं माणसं नेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. स्वस्ताईची ती किंमत कुठल्याच घराला परवडणारी नाही.

थांब्याचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो, हेही सांगायला हवं. समृद्धीवर जेवढं अंतर कापलं तेवढाच टोल लागतो. १ एप्रिल २०२५ पासून हलक्या वाहनांना किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे हा दर आहे. सिंदखेडराजाला खाली उतरून जुन्या रस्त्यानं बीबी-लोणार करत मेहकरला पुन्हा वर चढलं, तर मधल्या तुकड्याचा टोल वाचतो. उरतात ते थोडे जास्तीचे किलोमीटर, काही तासांचं वेटिंग आणि एका माणसाच्या रात्रीचा मुक्काम. चार-पाच जणांत वाटला तर हा खर्च लोणारच्या त्या तीन तासांसाठी जराही जास्त नाही.

जुन्या रस्त्यावरच्या गावांचाही यात वाटा आहे. नागपूर-संभाजीनगरच्या गाड्या पूर्वी बीबी, दुसरबीड, सुलतानपूर यांच्या दारातून जायच्या. चहा, नाश्ता, पंक्चर, फळं, रसवंती यांवर कित्येक संसार उभे राहिले. महामार्ग वरून गेला आणि लांब पल्ल्याची बरीच वाहनं त्याच्यावर गेली. आता या गावांपर्यंत बाहेरचं गिऱ्हाईक येतं ते मुख्यतः स्थळं बघायला खाली उतरलेल्या गाडीतूनच. ती गाडी घाईत असेल, आत भांडण चालू असेल, तर ती चहापुरतीही धड थांबत नाही. ठरवून थांबलेली गाडी जेवते, फळं घेते, देवळापाशी नारळ घेते. थांबा नीट ठरला तर बीबीच्या हॉटेलवाल्याच्या गल्ल्यातही चार पैसे पडतात.

शासनाकडे माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्ही छोट्या आहेत. जालना रेल्वे स्थानक आणि संभाजीनगर विमानतळावर प्रवासी भाड्याच्या फलकात 'वाटेत थांबा' आणि 'चालक मुक्काम' यांचे दर लिहिले जावेत. सिंदखेडराजा, दुसरबीड आणि मेहकर इथल्या महामार्गाच्या उतारांवर लोणारचं अंतर आणि बघायला लागणारा वेळ, दोन्ही सांगणाऱ्या पाट्या असाव्यात. आणि लोणारला वाहनतळालगत चालकांसाठी सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि दोन तास आडवं होता येईल अशी खोली असावी. प्रवासी सरोवर बघत असतात तेव्हा चालक तापलेल्या गाडीत पाय दुमडून पडलेला असतो. तीच त्याची विश्रांती म्हणायची, तर पुढच्या तीनशे किलोमीटरवर आपण कशाच्या भरवशावर बसतो?

लोणार बघाच. सिंदखेडराजाही बघा आणि मुलांना तिथे वेळ द्या. त्यासाठी गाडी लागेल तर जरूर घ्या. पण ज्याच्या हातात आपल्या घरातली सगळी माणसं सोपवतो, त्याच्या वेळेचं आणि झोपेचं मोल भाडं ठरतानाच मोजा. "जाता जाता" म्हणून फुकट मागितलेला थांबा चालकावर अन्याय करतो आणि आपल्यालाही धोक्यात घालतो. पैसे देऊन, तास ठरवून घेतलेला थांबा हाच खरा प्रवास आहे, आणि तो आपल्या खिशाला झेपणारा आहे.

— वाटसरू