लोखंड जळत नाही, पण वाकते

परभणी परिसरात जिनिंगचे कारखाने, गोदामे आणि मंगल कार्यालये आता सर्रास लोखंडी सांगाड्यावर उभी राहतात. लोखंड जळत नाही, या भरवशावर मालक निश्चिंत असतो. परंतु सुमारे ५५० अंश सेल्सियसला पोलादाचे बळ निम्म्यावर येते आणि छत खचू लागते.

यासाठी खांब व तुळयांवर अग्निरोधक लेप फवारतात. एका प्रकारात जिप्सम किंवा सिमेंटमध्ये व्हर्मिक्युलाइट मिसळलेले असते. दुसरा रंगासारखा पातळ असून उष्णतेने फुगतो व जाड कवच धरतो. लेप आग विझवत नाही. माणसे बाहेर पडण्यापुरता अवधी देतो. मात्र तो जागेवर टिकला पाहिजे. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, त्यामागे विमानांच्या धडकेने हा लेप निखळणे हे एक प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष तेथील सरकारी तपासात निघाला.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या काहिलीपासून बचावासाठी पत्र्याखाली फोम फवारतात. तो अग्निरोधक लेप नव्हे. पॉलियुरेथेन फोम उघडा राहिल्यास स्वतःच पेटतो आणि विषारी धूर सोडतो. म्हणून कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारावेत: लेप किती तास टिकेल, त्यासाठी जाडी किती हवी आणि प्रमाणपत्र कोणाचे? पुढे वायरिंगसाठी लेप खरवडला गेल्यास तो लगेच भरून घ्यावा.

कर्जप्रकरणात आम्ही विम्याचा कागद आवर्जून पाहत असू. विमा मालाची किंमत भरून देतो. गेलेला माणूस परत देत नाही.