पुण्यात 'लोअर ग्राउंड'चा फ्लॅट स्वस्तात मिळतोय? टोकन देण्याआधी हे वाचा

पुण्यात घर शोधायला लागलं की कधी ना कधी एक शब्द कानावर पडतोच, 'लोअर ग्राउंड'. एजंट सांगतो, "वरच्या मजल्यापेक्षा स्वस्त आहे, जिने चढायला नकोत, उन्हाळ्यात गार राहतं." फोटोत घरही छान दिसतं. मग अडचण काय?

त्यासाठी २५ जुलै २०२४ ची पहाट आठवायला हवी. खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरी भागात सोसायट्यांचे पार्किंग आणि तळमजले पाण्यात गेले. लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडी इथे हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला.

दोनच दिवसांनी दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या बेसमेंटला परवानगी होती पार्किंग आणि सामान ठेवण्याची. प्रत्यक्षात तिथे लायब्ररी चालत होती.

मुळात बेसमेंटमध्ये फ्लॅट असू शकतो का?

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. पुण्यालाही तीच लागू आहे. बेसमेंटचा वापर कशासाठी करता येतो, हे त्यात दिलंय. पार्किंग, सामान साठवणं, बँकेचे लॉकर, एसी आणि इतर यंत्रसामग्री वगैरे. राहतं घर त्या यादीत नाही.

मग 'लोअर ग्राउंड' म्हणून विकलं जातं ते काय असतं? साधारण तीन प्रकार असतात.

पहिला, उतारावरची इमारत. बावधन, सूस, कात्रज अशा टेकड्यांच्या भागात एखादा मजला रस्त्याच्या बाजूने खाली दिसतो, पण मागच्या बाजूने पूर्ण जमिनीच्या वर असतो. मंजूर नकाशात तो राहण्याचा मजला म्हणून दाखवलेला असेल, तर कायद्याने अडचण नाही.

दुसरा, पार्किंगला भिंती घालून केलेली खोली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग हा इमारतीचा सामाईक भाग आहे, बिल्डरला तो वेगळा विकता येत नाही.

तिसरा, नकाशावर 'स्टोअर' म्हणून दाखवलेली आणि नंतर घर केलेली जागा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात तुम्ही पैसे घराचे देता, पण कागदावर घर नसतंच. बँक कर्ज देताना मंजूर नकाशा बघते. कर्ज नाकारलं गेलं की एजंट 'नोटरी करून घेऊ' म्हणतो. नोटरीने जागेची मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागतं.

फायदे काहीच नाहीत का?

आहेत. नकाशात राहण्याचा मजला असेल तर किंमत कमी पडते. गुडघेदुखी असलेल्या आई-बाबांना लिफ्टची वाट बघावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यासारखा स्लॅब तापत नाही. शिकवणी किंवा डबे असा घरगुती व्यवसाय असेल तर स्वतंत्र दार सोयीचं पडतं.

आणि तोटे?

मातीला टेकलेल्या भिंतीला ओल येते आणि रंग दिल्याने ती फक्त काही महिने झाकली जाते. हवा खेळती नसेल तर बुरशी धरते, दमा असणाऱ्यांना त्रास होतो. घरातलं टॉयलेट रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरपेक्षा खाली असेल तर जोराच्या पावसात मैलापाणी उलट घरात येऊ शकतं. पाणी उपसायला पंप असतो, पण अशा पावसात वीजही जाते.

पूररेषा म्हणजे नेमकं काय?

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. '२५ वर्षांतून एकदा' ऐकून आपण निश्चिंत होतो. पण याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. २० वर्षांच्या गृहकर्जाचा हिशोब केला, तर हप्ते फिटेपर्यंत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते.

'नदी लांब आहे' एवढंही पुरेसं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वर, सहकारनगर भागात हाहाकार उडाला तो आंबिल ओढ्यामुळे. ओढे-नाले कुठून जातात, हेही बघायला हवं.

टोकन देण्याआधी काय तपासाल?

- महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात त्या मजल्यावर नेमका कोणता शब्द लिहिलाय ते स्वतः वाचा. भोगवटा पत्रात तोच फ्लॅट आहे का, तेही बघा.
- विकास आराखड्याच्या नकाशात निळी आणि लाल रेषा शोधा.
- घर पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात बघितलं असेल तर वॉचमन आणि शेजाऱ्यांना २०१९ आणि २०२४ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा.
- विजेचे मीटर कोणत्या उंचीवर आहेत? बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का?
- घरविमा घेताना त्यात पूर येतो का ते बघा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत तो येतो.

भाड्याने राहणाऱ्यांनीही शेवटून तिसरा आणि चौथा प्रश्न विचारायलाच हवा. सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयडा' वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये ११ जण बेसमेंटमधल्या घरांत बुडून गेले. त्यातली बरीच घरं बेकायदा होती आणि परवडतात म्हणून लोक तिथे राहत होते. पुण्यातही खाली राहायला जाणारे बहुतेक जण त्याच कारणाने जातात.

नकाशात राहण्याचा मजला असेल, पूररेषेच्या बाहेर असेल आणि भिंती कोरड्या असतील, तर 'लोअर ग्राउंड'चा विचार करायला हरकत नाही. नकाशात पार्किंग किंवा स्टोअर लिहिलं असेल, तर किंमत कितीही कमी असो, तो फ्लॅट घेऊ नका.