छत्तिसाव्या दिवसाचं काय?

व्यसनमुक्ती केंद्रात माणसाची दारू सुटते, यात फार कौतुक करण्यासारखं काही नाही. तिथे दारू मिळतच नाही. खरी परीक्षा तो घरी परततो त्या दिवशी सुरू होते, आणि नेमकी त्याच दिवशी आपली उपचारव्यवस्था हात झटकून मोकळी होते.

मी लाखांदूरचा. आमच्याकडे केंद्रात 'भरती केलं' असं कोणी म्हणत नाही, 'टाकलं' म्हणतात. माझ्या नात्यातल्या एकाला तीनदा टाकलं. पहिल्यांदा धान विकून, दुसऱ्यांदा बहिणीकडून पैसे घेऊन, तिसऱ्यांदा कर्ज काढून. तिन्ही वेळा निघताना हातात गोळ्यांची पुडी, पैशांची पावती आणि एक वाक्य मिळालं: "आता सगळं तुमच्या इच्छाशक्तीवर." त्याला कित्येक वर्षं झोप लागत नव्हती, जीव नकोसा वाटायचा. त्याबद्दल तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही. दारू पुन्हा सुरू झाली, तेव्हा गाव म्हणालं, "याच्यात दमच नाही."

हा दमाचा प्रश्न नाही. शुगरच्या पेशंटला महिनाभर दवाखान्यात ठेवून, पुढच्या गोळ्या आणि तपासण्या बंद करून घरी पाठवलं आणि त्याची शुगर वाढली, तर आपण त्याच्या इच्छाशक्तीला दोष देऊ का? दारूचा शरीरावरचा ताबा काही दिवसांत उतरतो. तेवढ्यातही झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर लागतो. पण ओढ महिनोन्‌महिने राहते. सोबत नैराश्य असेल आणि त्यावर उपचार नसेल, तर माणूस त्याला ठाऊक असलेल्या एकमेव औषधाकडे परत जातो.

हे सगळं महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथला निवासी उपचार पाच आठवड्यांचा. पण मुक्तांगणचं नाव झालं ते त्यानंतरच्या पाठपुराव्यामुळे आणि बायकांसाठीच्या 'सहचरी' गटामुळे. नंतर ठिकठिकाणी उघडलेल्या कित्येक केंद्रांनी त्यातले दिवस तेवढे उचलले, पाठपुरावा सोडून दिला.

कायदाही स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारात मोडतात. कलम ९८ सांगतं की रुग्णाला घरी सोडण्याआधी पुढच्या उपचाराची आखणी त्याच्याशी बोलून करायची. घरी सोडताना असा कागद तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

"एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?" हा ठरलेला सवाल. उत्तर गोव्यात मिळालं आहे. 'संगाथ' संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या पण अजून पूर्ण आहारी न गेलेल्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या सेवेसोबत समुपदेशन दिलं, तेही डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी, जास्तीत जास्त चार बैठकांत. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ४२ टक्के दारूपासून दूर होते. नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत १८ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. म्हणजे ज्यांना पुढे केंद्रात 'टाकावं' लागेल, त्यांतल्या अनेकांना गावाजवळच अडवता येतं.

एवढं लांबही जायला नको. वैनगंगा ओलांडली की वडसा, गडचिरोली जिल्हा. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी नुसत्या बंदीने भागत नाही हे ओळखून २०१६ पासून 'मुक्तिपथ'चं काम सुरू झालं आणि व्यसन उपचाराचं क्लिनिक तालुक्यापर्यंत आलं. अलीकडच्या काठावर आम्ही मात्र पवनीमार्गे नागपूरची एसटी धरतो. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दर महिन्याला नागपूरला कोण जाईल? मग पोस्टरवरची 'न सांगता दारू सोडवा'वाली पावडर भाजीत मिसळली जाते. त्यात काय आहे, हे खाणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घालणारीलाही.

माझी मागणी साधी आहे. लाखांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी व्यसन आणि मन, दोन्हींची एकत्र ओपीडी हवी. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तिथेच मिळायला हवीत. प्रत्येक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि केंद्रांना परवाना, अनुदान देताना किती जण भरती झाले हे विचारू नका. वर्षभरानंतर किती जण संपर्कात आहेत, ते विचारा. पुन्हा प्यायलेलाही त्यात मोजा, कारण तो दार ठोठावत परत आला, तर उपचार चालू आहे.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत नंबर मोबाईलमध्ये ठेवा. आणि पुढच्या वेळी कोणत्याही केंद्राला पैसे मोजण्याआधी काउंटरवर विचारा: छत्तिसाव्या दिवशी याला फोन कोण करणार? नाव लिहून घ्या. नाव सांगता येत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.